वारूळ कुठाय?

ऑक्टोबरचा पहिला दणकून पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी बर्नाबीतल्या आमच्या अंगणात कुत्र्याच्या छत्र्यांनी संमेलन भरवलं. लॉनवर तपकिरी छत्र्यांचं अर्धं रिंगण, आणि फुटपाथलगतच्या हॉर्नबीमखाली तीन हिरवट-पिवळ्या, गुळगुळीत. सासूबाई देवरुखहून आलेल्या. मी चहा गाळेपर्यंत त्या चाळण घेऊन बाहेर. "अगो, एवढी अळंबी फुकट जातायत!"

रिंगणाशी मी पहिल्या वर्षी लढून बसले आहे. व्हिनेगर झालं, बेकिंग सोडा झाला, उकळतं पाणी झालं. गवत मेलं, छत्र्या आल्याच. छत्री म्हणजे नुसतं फळ. फणस उतरवला म्हणून झाड मरत नाही. खरी बुरशी मातीत तंतूंनी पसरलेली असते आणि जुन्या मालकाने तोडलेल्या झाडाची मुळं निवांत खात असते. वरून मारलेलं औषध तिथवर पोचत नाही. आता मी पालापाचोळा उचलते, काट्याने माती भोसकून हवा खेळवते, पाणी बेताने देते. मुळं खाऊन संपली की बुरशीही जाईल. काय घाई आहे?

घाई होती ती हॉर्नबीमखाली.

त्या तिघी 'डेथ कॅप' होत्या. ही मूळची युरोपची, झाडांच्या मुळांना चिकटून इथे आली. ब्रिटिश कोलंबियात तिची पहिली नोंद १९९७ची, मिशन गावाजवळ चेस्टनटखाली. आता ती रस्त्याकडेच्या हॉर्नबीमखाली सर्रास उगवते, आणि व्हिक्टोरियाकडे तर तिथल्या मूळच्या ओकशीही तिने सोयरीक जमवली आहे. २०१६ साली व्हिक्टोरियात ती खाऊन तीन वर्षांचं मूल दगावलं. शिजवा, वाळवा, गोठवा, विष तसंच राहतं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्याचा भास, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, या सगळ्या भाकडकथा. गोगलगायी तर ही चवीने खातात.

ओळखायची तर उपटायची नाही, बुडापासून खणून काढायची. बुडाशी मातीत पांढरी वाटी, देठावर झालर, छत्रीखाली पांढरे पापुद्रे. कोवळेपणी दिसते अंड्यासारखी, आशियात आवडीने खातात त्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी. फसायला एवढं पुरतं.

हे सगळं सांगत मी चपला न घालताच धावले. आईंचं लक्ष नव्हतं. त्या झाडाभोवती वाकून काहीतरी शोधत होत्या.

"वारूळ कुठाय?"

"इथे तसली वाळवी नसते, आई."

"मग ही आपली नव्हेत." त्यांनी चाळण पालथी केली. श्रावणात त्यांनी जन्मभर अळंबी काढली ती वारुळावरचीच. बुरशीचे मळे लावणारी ती वाळवी आशिया-आफ्रिकेतच, म्हणून ती अळंबीही तिकडचीच. माझं पाठांतर वायाच गेलं.

मी हातमोजे घालून खणायला लागले. नुसत्या स्पर्शाने विष चढत नाही, पण शेजाऱ्यांचा कुत्रा तिथेच हुंगत फिरतो. प्लास्टिकची पिशवी बांधून कचऱ्यात टाकली. आई साबणाने दोनदा हात धुऊन खिडकीत उभ्या होत्या.

"तिकडे मुळाशी आणखी एक आहे बघ."