जिना मोकळा आहे का?

गेल्या रमजानमध्ये खालाच्या घरी इफ्तारला गेलो होतो. जळगाव शहराच्या कडेला घरकुल योजनेतली चार मजली इमारत. खाला चौथ्या मजल्यावर राहते. जिन्याखाली विजेचे मीटर. पेटीला झाकण नाही, तारा बाहेर लोंबत होत्या. मीटरला खेटून पाच-सहा मोटारसायकली आणि त्यातच एक बॅटरीवरची स्कूटर चार्जिंगला लावलेली. वर चढताना प्रत्येक वळणावर काहीतरी होतेच. कुठे कूलरचा सांगाडा आणि गवताच्या सुकलेल्या ताट्या, कुठे गाद्या, कुठे भंगाराची पोती. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी चोरांच्या भीतीने जिन्यालाच लोखंडी जाळीचे दार बसवले होते. गच्चीच्या दाराला कुलूप. खालाच्या खिडकीला पक्की जाळी, हातसुद्धा बाहेर निघणार नाही अशी.

इफ्तारनंतर मी विचारले, "खाला, खाली आग लागली तर उतरणार कुठून?"

खाला हसली. "अल्लाह है ना, बेटा."

तिचा मुलगा मात्र हसला नाही. तो हळूच म्हणाला, "भाईजान, कुठे लिहू-बिहू नका. उद्या नोटीस येईल, इमारत धोकादायक ठरवतील. मग आम्ही जाणार कुठे?"

आई अल्लाहवर सोडून मोकळी झाली होती, मुलगा नोटिशीला घाबरत होता. गरिबाच्या घराची सुरक्षितता बहुधा या दोन वाक्यांतच अडकलेली असते.

घरकुल हा शब्द आपल्याकडे उच्चारला की घोटाळा आठवतो. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात कर्ज काढून हजारो घरांची योजना आखली, प्रत्यक्षात त्यातली थोडीच पूर्ण झाली. २००६ साली पोलिसांत तक्रार झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यात सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर हे दोन माजी मंत्री होते. पुढे अपिले झाली, जामीन झाले. तक्रार ते निकाल यात तेरा वर्षे गेली. या सगळ्यात पैसा किती गेला आणि घरे किती झाली, याचा हिशेब झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण जी घरे उभी राहतात, त्यातून संकटाच्या वेळी माणूस बाहेर कसा पडणार, हा हिशेब कोणत्याच फायलीत ठळकपणे दिसत नाही. चावी दिली, फोटो निघाला, योजना संपली.

हा हिशेब राहून गेला की काय होते, ते मुंबईत गोरेगावला दिसले. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमारास झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या जय भवानी इमारतीला आग लागली. इमारतीत जुन्या कपड्यांचा व्यवसाय करणारी कुटुंबे राहत होती. खाली पार्किंगमध्ये कपड्यांची गाठोडी होती, गाड्या होत्या. तिथे आग भडकली आणि धूर वर चढला. किमान सात माणसे गेली, चाळीसहून अधिक जखमी झाली. कपड्यांचा ढीग खाली ठेवला म्हणून लगेच रहिवाशांना दोष देण्यात आला. पण ज्यांचा धंदाच जुन्या कपड्यांचा आहे, त्यांना खोली देताना माल ठेवायला जागा कुणी दिली होती का? प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकाचे घर साधारण ३० चौरस मीटरचे असते. सहा-सात माणसांचे कुटुंब, हातगाडीचे सामान, शिलाई मशीन, हिवाळ्यात कूलर आणि उन्हाळ्यात रजया, हे सगळे त्यात बसत नाही. मग ते जिन्यात येते. आणि जिना हीच बाहेर पडायची एकमेव वाट असते.

आगीत ज्वाळेपेक्षा धूर आधी मारतो. एकच जिना असलेल्या इमारतीत खाली काही पेटले, तर तो जिनाच धुराड्यासारखा काम करतो. वरच्या माणसाला ज्या वाटेने उतरायचे, त्याच वाटेने धूर वर येतो. गच्चीला कुलूप आणि खिडकीला पक्की जाळी असली, की घराचा पिंजरा होतो.

हे फक्त गरीब देशांत होते असेही नाही. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. तीही सरकारी मालकीची, सामान्य माणसांची घरे. २४ मजले, जिना एकच. चौथ्या मजल्यावर एका फ्रिजमध्ये सुरू झालेली आग बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे पूर्ण इमारतीवर चढली आणि ७२ माणसे मेली. तेव्हाही रमजान होता. तरावीहनंतर, सहरीसाठी जागे असलेल्या मुस्लिम शेजाऱ्यांनी दारे ठोठावून अनेकांना उठवले. रहिवाशांच्या एका गटाने आधीच लिहून ठेवले होते की मोठा अपघात झाल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या अंतिम अहवालाने सांगितले की हे सगळे मृत्यू टाळता आले असते. म्हणजे रहिवासी ओरडत होते, फक्त ते गरीब होते म्हणून त्यांचे ओरडणे कटकट ठरले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यानुसार जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची. ज्या इमारतींना तो लागू होतो, तिथली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. पण घरकुलात मालक कोण? पालिका म्हणते, घरे दिली, आता तुम्ही बघा. रहिवासी म्हणतात, आम्हाला नीट कागदच मिळाला नाही, आम्ही कसले मालक? शिवाय बांधणारी पालिका, परवानगी देणारी पालिका आणि तपासणारे अग्निशमन दलही पालिकेचेच. स्वतःला नोटीस कोण काढणार?

त्यात आणखी एक गोम आहे. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून जास्त उंचीच्या इमारतीला उंच इमारत मानते. घरकुलाच्या चार मजली इमारती या रेषेच्या अलीकडेच थांबतात. कागदावर त्या उंच नाहीत. पण चौथ्या मजल्यावरून गुडघे धरत उतरणाऱ्या खालाला हे कोण समजावणार?

म्हणून पालिकांकडे मागणे साधे आहे. जळगाव असो की धुळे, प्रत्येक घरकुल वसाहतीची अग्निसुरक्षा तपासणी पालिकेने स्वखर्चाने करावी आणि अहवाल मराठीत इमारतीच्या दारावर लावावा. मीटरची खोली जिन्यापासून वेगळी करावी. दुसरा जिना शक्य असेल तिथे बाहेरून बसवावा. सामान आणि गाड्यांसाठी वेगळी शेड द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीला घर रिकामे करण्याचे हत्यार बनवू नये. जोपर्यंत तक्रार म्हणजे बेघर होणे ही भीती आहे, तोपर्यंत कुणीही तोंड उघडणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत राहायला जागा देण्याची लेखी हमी आधी, नोटीस नंतर.

आता आपल्याविषयी. वाटेतला अडथळा दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात लहानपणी शिकलो. रात्री झोपताना दिवे विझवा, आग तुमची शत्रू आहे, अशी पैगंबरांची ताकीद हदीसमध्ये आहे. मग जिन्यातली गादी, रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर, रेग्युलेटर बंद न करता झोपणे, हे सगळे त्यात येत नाही का? तवक्कुल म्हणजे उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे. उंट मोकळा सोडून ठेवणे म्हणजे तवक्कुल नव्हे. जुम्याच्या बयानमध्ये इमामसाहेबांनी पाच मिनिटे यावर बोलले तरी मोहल्ल्यात फरक पडेल.

त्या रात्री आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे जाळीचे दार काढायला लावले. थोडी बाचाबाची झाली. शेवटी ज्याने दार बसवले होते, त्यानेच पाना आणला. गच्चीच्या कुलपाची एक चावी आता चारही मजल्यांवर खिळ्याला टांगलेली असते. मीटरच्या पेटीचे काम बाकी आहे, त्यासाठी पालिकेला अर्ज दिला आहे. अर्जावर पहिली सही खालाच्या मुलाची आहे.