तारीख मिळाल्यानंतरचे आठवडे

कर्करोगाचे निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंतचा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो किंवा महिन्याहून अधिकही लांबू शकतो, आणि या काळात रुग्णाने नेमके काय करायचे, याचे उत्तर त्याच्या हातातील जाडजूड फाइलमध्ये सहसा सापडत नाही. फाइलमध्ये बायोप्सीचा अहवाल असतो, स्कॅन असतो, रक्ताच्या तपासण्या असतात, भूलतज्ज्ञाचा ‘फिटनेस’चा शेरा असतो आणि शेवटी तारीख असते, त्या तारखेपर्यंत रुग्णाने घरी जाऊन वाट पाहावी, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हे गृहीतकच चुकीचे आहे, कारण मधले आठवडे हा उपचाराचाच भाग असून ते रिकामे घालवल्याची किंमत शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात मोजावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर कसा सावरेल, याचा पद्धतशीर विचार डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात पुढे आणला आणि तोच धागा कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे भूलतज्ज्ञ फ्रान्सेस्को कार्ली यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच्या काळाकडे वळवला. त्यातून पुढे आलेल्या कल्पनेला ‘प्रीहॅबिलिटेशन’ म्हणतात, म्हणजे शस्त्रक्रियेचा आघात सोसण्यासाठी शरीर आणि मन आधीच सक्षम करणे. व्यायाम, आहार, व्यसनमुक्ती आणि मानसिक आधार ही तिची चार अंगे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत चार आठवडे अशी तयारी करून घेतलेल्या गटात गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १७.१ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रियेला गेलेल्या गटात ते २९.७ टक्के होते. तरीही तयारीच्या नावाखाली तारीख पुढे ढकलणे परवडणारे नाही. अनेक कर्करोगांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा जो निबंध २०२०मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला, त्यानुसार शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून जो काळ तसाही प्रतीक्षेत जाणार आहे, तेवढाच वापरायचा; त्यात भर घालायची नाही.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न समजून घ्यायचा तर तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते, कारण येथे तंबाखू, सुपारी आणि गुटखा यांनी गालाच्या आतील अस्तर, जीभ आणि हिरड्या पोखरल्या आहेत, आणि २०१२मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली तरी तो मिळायचा थांबलेला नाही. या रुग्णाच्या तयारीची पहिली पायरी तंबाखू सोडण्याची. धूम्रपान करणाऱ्याने शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे विडी-सिगारेट बंद ठेवली तर फुप्फुसांच्या आणि जखम भरण्याच्या तक्रारी लक्षणीय कमी होतात. चार आठवडे हाताशी नसतील, तरी शेवटच्या दिवसभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि पेशींना प्राणवायू अधिक मिळतो, म्हणून ‘आता सोडून काय उपयोग’ या प्रश्नाला वैद्यकीय आधार नाही. ओपीडीत ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण दातांना लावायची मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. प्रश्न विचारणाऱ्याने मिश्रीचे नाव घेऊन विचारले तरच खरे उत्तर मिळते.

याच ठिकाणी शरीर आणि मन यांची गुंतागुंत सुरू होते. वीस-वीस वर्षे दिवसातून दहा वेळा बार भरणारा माणूस निदानाच्या धक्क्याने तंबाखू एका दिवसात टाकतो, आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्याला झोप लागत नाही, तो घरच्यांवर खेकसतो, त्याचे कशात लक्ष लागत नाही. घरच्यांना वाटते की तो कर्करोगाने खचला, त्यालाही तसेच वाटते. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग निकोटीन अचानक तुटल्याचा असतो आणि तो काही आठवड्यांत ओसरणारा असतो. एवढे कोणी समजावून सांगितले तरी घरातील निम्मी भांडणे मिटतील. तोंडात जखम असताना निकोटीनचे च्युइंगगम चालत नाही, परंतु त्वचेवर लावायचे पॅच डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात.

दुसरी बाब अन्नाची. तोंडात जखम असलेल्या माणसाला तिखट लागले की आग होते, भाकरी चावत नाही, आणि तो हळूहळू वरणाच्या पाण्यावर येतो. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटले असेल तर पोषणतज्ज्ञ ते गंभीर कुपोषणाचे लक्षण मानतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी एक-दोन आठवडे पोषण सुधारण्याचा आग्रह धरतात. नेमक्या याच वेळी नातेवाईक आणि शेजारीपाजारी पथ्यांची यादी घेऊन येतात. साखरेने गाठ वाढते, दूध नको, अंडे उष्ण, मांसाहार तर विषच, असे सांगून ते उपासमारीला शास्त्राचा मुलामा देतात. साखर बंद केल्याने गाठीची उपासमार होते याला पुरावा नाही. उपासमार होते ती रुग्णाची. कर्करोगाच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम, आणि ती महागड्या डब्यांतूनच मिळतात असे नाही: पातळ पिठले, दह्यात कालवलेला मऊ भात, दुधातली नाचणीची खीर, मऊसर उकडून कुस्करलेले अंडे, शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली मुगाची आमटी हे सारे न चावता गिळता येते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल आणि दिवस थोडे उरले असतील तर गोळ्यांऐवजी शिरेतून लोह देता येते. हे रुग्णाने विचारून घ्यावे, कारण गर्दीच्या ओपीडीत न विचारलेले बरेच काही राहून जाते.

श्वासाच्या व्यायामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तीन नळकांड्यांत तीन चेंडू असलेले स्पायरोमीटर नावाचे प्लास्टिकचे साधन औषधाच्या दुकानात मिळते आणि त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, म्हणजे दर सेकंदाला किती घनसेंटिमीटर हवा आत जाते याचे ते माप. पुष्कळ रुग्ण ते फुग्यासारखे फुंकतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून कंटाळून खिडकीत ठेवून देतात. चेंडू फुंकून नव्हे, तर हवा सावकाश आत ओढून वर न्यायचे असतात आणि क्षणभर तसेच धरून ठेवायचे असतात. शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे श्वास उथळ होतो, खोकला दाबला जातो, फुप्फुसांचा तळाचा भाग मिटून राहतो, तेथे कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. दीर्घ श्वासाची सवय आधीच लागली असेल तर ऐन वेदनेच्या वेळी ती नव्याने शिकावी लागत नाही. याला रोजच्या चालण्याची जोड हवी. दोन मजले न थांबता चढता येतात का, ही जुनी कसोटी आजही भूलतज्ज्ञ विचारतात, आणि ती घरच्या जिन्यावर करून पाहता येते. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर मात्र थांबून डॉक्टरांना कळवायला हवे.

शस्त्रक्रियेत काय होणार आहे, हे रुग्णाला आधी सांगणे हीसुद्धा तयारीच आहे, आणि येथे आपली व्यवस्था व आपली कुटुंबे दोन्ही कमी पडतात. जखम गालात असताना मान का कापायची, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो आणि तो विचारला जात नाही. त्याचे उत्तर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातच मिळालेले आहे: डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत, मानेतील लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, तर ग्रंथी वाढण्याची वाट पाहून मग काढलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हे दोन आकडे कळले की मानेवरचा व्रण रुग्णाला अकारण झालेली इजा वाटत नाही. तसेच तोंड दोन बोटेही उघडत नसेल तर श्वासाची नळी नाकातून आणि कधी रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून घालावी लागते. काही दिवस गळ्याला छिद्र ठेवावे लागते आणि त्या काळात आवाज निघत नाही. अन्न नाकातील नळीतून जाते. काढलेल्या गालाच्या किंवा जबड्याच्या जागी छातीचा, हाताचा अथवा पायाच्या हाडासकट तेथला भाग बसवतात, आणि छातीची कातडी लावलेल्या पुरुषाच्या तोंडात केसही उगवू शकतात. ऐकायला हे कठोर आहे. परंतु जो माणूस हे न ऐकता भुलीतून जागा होतो आणि हाक मारायला गेल्यावर आपल्याला आवाजच नाही असे पाहतो, त्याची भीती याहून मोठी असते. पाटी-पेन्सिल किंवा लिहिता न येणाऱ्यासाठी ‘पाणी’, ‘दुखते’, ‘कफ काढा’ अशा चित्रांचा कागद आदल्या दिवशीच तयार ठेवला, खुणा ठरवून घेतल्या, तर ते मुके दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

आणि तरीही अनेक घरांत रुग्णाला कर्करोग हा शब्दच सांगितला जात नाही. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि ‘त्यांच्यासमोर बोलू नका, ते सहन करू शकणार नाहीत’ अशी विनंती करतो; डॉक्टरही गर्दीत ती मान्य करतात. या लपवाछपवीमागे प्रेम असते यात शंका नाही. परंतु ज्याला ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले, त्याने तंबाखू कशासाठी सोडावी, श्वासाचे व्यायाम कशासाठी करावेत, नावडती खीर कशासाठी गिळावी? शिवाय रुग्णालयाच्या नावाची पाटी, बाजूच्या बाकावरील माणसांचे चेहरे आणि घरातील कुजबुज यांतून त्याला बहुधा कळलेलेच असते. फक्त त्याच्याजवळ बोलायला कोणी उरलेले नसते. तयारीच्या मार्गात गरिबी किंवा गर्दी यांच्याइतकाच मोठा अडथळा म्हणजे हा दाराबाहेरचा करार आहे, आणि तो मोडणे घरच्यांच्याच हातात आहे. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारावे. त्याने ‘पुरे’ म्हटले तर थांबावे.

दुसऱ्या टोकाला ‘खंबीर राहा, सकारात्मक विचार करा’ असा उपदेश करणारे असतात. मनोवृत्तीवर गाठीची वाढ ठरते याला भक्कम पुरावा नाही, आणि या उपदेशाने रडू आलेल्या माणसाला आपण आपलाच आजार वाढवत आहोत असे वाटू लागते. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी कर्करोग-मानसशास्त्राची शाखा रुजवली, तिचे सूत्र वेगळे आहे: मानसिक क्लेशही ताप मोजावा तसा शून्य ते दहा या पट्टीवर विचारून नोंदवायचा आणि तो जास्त असेल तर समुपदेशन किंवा औषध द्यायचे. झोप उडणे, छातीत धडधडणे, मुलीच्या लग्नाची चिंता, स्तन काढल्यावर नवऱ्याची नजर बदलेल ही न बोललेली शंका, यांची जागा अशा नोंदीत आहे, उपदेशात नाही.

अर्थात बुलढाण्याहून किंवा सावंतवाडीहून परळला आलेल्या कुटुंबाला तयारी सुचायची तर आधी डोक्यावर छप्पर हवे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आहे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आणि नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी किंवा बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ असताना प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. कागदपत्रांची ही धावपळ घरातील एकाने अंगावर घ्यावी आणि दुसऱ्याने रुग्णासोबत चालावे; दोन्ही कामे एकाच बाईच्या पदरात पडली की ती रुग्णाआधी कोलमडते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपर्यंत तयारीचे बहुतेक काम संपलेले असते. उरते ते एवढेच की साधारणपणे हलके अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करायचे, मात्र रुग्णालयाने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळायचे. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या गोळ्या आणि घरगुती काढे यांविषयी काहीही न लपवता भूलतज्ज्ञाला सांगायचे.

कर्करोग रुग्णालयांकडे मागणी एकच आहे: तारीख देताना फाइलच्या पहिल्या पानावर सोप्या मराठीत आहार, श्वासाचे व्यायाम, तंबाखू, औषधे आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार दिवस यांची माहिती लावावी, आणि ती वाचून दाखवायला एक माणूस नेमावा. तोपर्यंत तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहेत.