आधी लोकर तपासा

विणलेली वस्तू गरम पाण्यात मुद्दाम आटवून तिचा जाड, घट्ट नमदा करण्याचा बेत असेल, तर सुया हातात घेण्याआधी धागा तपासा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मागितलं की बहुतेक वेळा ॲक्रिलिक हातात पडतं. दुकानदार फसवतो असं नाही, आपल्याकडे त्यालाही लोकरच म्हणतात. पण ते कितीही उकळा, त्याचा नमदा होणार नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की तंतू एकमेकांत सरकतात, खवल्यांमुळे अडकतात आणि मागे फिरत नाहीत. ॲक्रिलिकला खवलेच नसतात.

धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. वेष्टनावर ‘सुपरवॉश’ असेल तर शुद्ध लोकरही नको, तिचे खवले आधीच काढलेले किंवा झाकलेले असतात. जुना स्वेटर वापरायचा असेल तर ‘गरम पाण्यात धुऊ नये’ ही सूचना पाहून खूश व्हा. तोच हवा!

नेहमीपेक्षा जाड सुयांवर, सैल विणा. घट्ट विणीत तंतूंना हलायला जागा नसते. क्रोशाची वीण मुळातच जाड, तिला वेळ जास्त लागतो. आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून आटवा आणि पुन्हा मोजा. सुयांवरचं विणकाम बहुधा रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटतं, म्हणून पिशवी करायची असेल तर ती हवी त्याहून बरीच खोल विणावी. हा नमुना टाळू नका. आटलेलं परत उसवता येत नाही.

मशीनपेक्षा मला बादली बरी वाटते, कारण काय होतंय ते दिसतं. हातमोजे घाला, चांगलं गरम पाणी, थोडा साबण, आणि टाके दिसेनासे होईपर्यंत चोळा. मग खळबळून, टॉवेलात दाबून, योग्य मापाच्या डब्यावर ताणून सावलीत वाळवा.

पहिली वस्तू म्हणून गरम भांडी उतरवायचा जाड चौकोन करा. लोकर सहजी पेट घेत नाही; ॲक्रिलिक मात्र वितळून हाताला चिकटतं, म्हणून त्याचा चौकोन गॅसजवळ नकोच. आणि लोकरीचा असला तरी ओला वापरू नका, ओल्यातून चटका लगेच बसतो.