मुखपट्टी आणि शेजारधर्म

सन २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि महाराष्ट्रात सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी बांधणे सक्तीचे झाले. तेव्हा लातूर-नांदेडच्या मोंढ्यापासून गावच्या पारापर्यंत प्रश्न एकच होता : माणसाने तोंड झाकावे, असे सरकारने का सांगावे?

हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचा जीव मुखपट्टीखाली गुदमरतो. ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणाऱ्या बधिरांची तर वाटच बंद होते. नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात दंड ५०० रुपये होता. अनेक मजुरांना दिवसभर राबूनही तेवढे मिळत नाहीत.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तूर उफणताना शेतकरी नाकाला उपरणे गुंडाळतो, ते स्वतःसाठी. मुखपट्टी शेजाऱ्यालाही जपते. लक्षणे दिसण्यापूर्वीच रोगी बोलताना, खोकताना विषाणू हवेत सोडतो. मुखपट्टी ते बऱ्याच अंशी अडवते. मार्च २०२१ च्या अखेरीस नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी झाली, तेव्हा हातावर पोट असणाऱ्यांचा रोजगारच बुडाला. त्या बंधनापुढे मुखपट्टीचे बंधन हलकेच म्हणावे लागेल.

मात्र सक्तीलाही मर्यादा असावी. तिचे कारण लोकांना समजावून द्यावे, गरिबाला मुखपट्टी पुरवावी आणि संकट ओसरताच बंधन काढावे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रातील ही सक्ती उठली, हे उचितच झाले. धाकाने बांधलेली मुखपट्टी शिपायाची पाठ फिरताच हनुवटीवर उतरते. समजून बांधलेली जागच्या जागी राहते.