आधी पाणी बघा, मग झाड लावा

वाळवंटी नदीच्या काठावर ज्यांची शेतं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. केरी, पर्ये, साखळी, कारापूर, जिथे जिथे पावसाळ्यात नदी शेतात येते, त्या सगळ्या घरांसाठी.

२३ जुलै २०२१ चा पूर तुम्ही विसरला नसाल. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीही सांगितलं होतं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी सुटलं आणि साळ, इब्रामपूरकडची शेती बुडाली. साखळीच्या बाजारात पाणी भरलं तर पंप लावून उपसतात. शेताला पंप नाही. तिथे पाणी आपल्या मनानं येतं आणि आपल्या मनानं जातं.

म्हणून बरीच घरं आता म्हणतात, भात परवडत नाही, शेत पडीक आहे, सरकार पैसे देतं तर झाडं लावू. विचार चांगला आहे. झाडांची मुळं काठ धरतात, गाळ अडवतात, पुराचा जोर मोडतात. पण घाई करू नका. अनुदान पाहून झाड निवडू नका. पाणी पाहून निवडा.

याचं कारण तुमच्या खिशाशी जोडलेलं आहे. अशा योजनांचे पैसे बहुधा एकदम मिळत नाहीत. राष्ट्रीय बांबू मिशनमध्ये ते तीन वर्षांत दिले जायचे, ५०, ३० आणि २० टक्के असे. कृषिवनीकरणाचं केंद्राचं उपअभियान २०१६-१७ साली सुरू झालं, त्यात चार वर्षं होती, ४०, २०, २० आणि २० टक्के. पुढचा हप्ता येण्याआधी झाडं जगली का, हे बघतात. म्हणजे खड्डे, रोपं, मजुरी, कुंपण, सगळा खर्च आधी तुमचा. झाडं कुजली, तर पैसेही गेले आणि वर्षही.

तेव्हा हा एक पावसाळा फक्त बघा. शेतात चार-पाच काठ्या रोवा. पाणी कुठवर चढलं, तिथे काठीवर चुन्याची खूण करा. कधी चढलं आणि कधी उतरलं, ते घरातल्या कालनिर्णयावर त्या त्या तारखेला लिहा. वाहतं पाणी दोन दिवसांत निघून गेलं, तर पुष्कळ झाडं तग धरतात. तेच पाणी आठ-पंधरा दिवस साचून राहिलं, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. एकाच शेतात दोन्ही जागा असतात. त्या तुमच्याइतक्या कोणाला ठाऊक नाहीत, अधिकाऱ्यालाही नाहीत.

सत्तरीत बांबर गावात निरंकाराची राई आहे. जमलं तर मुलांना घेऊन बघून या. तिथली झाडं दलदलीत उभी असतात. त्यांची मुळं गुडघ्यासारखी चिखलाच्या वर येतात आणि हवा घेतात. पाण्यात राहायची शरीराची तयारी असलेलं झाडच तिथे उरलं आहे.

तुमच्या शेतातही तसंच करा. अगदी नदीच्या कडेला वाळुंज, करंज, समुद्रफळ लावा. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली तरी मूळ धरते, तिला खर्च नाही. जरा वर जांभूळ, अर्जुन चालतील. जिथे पाणी येतं पण थांबत नाही, तिथे माणगा बांबू लावा. त्याला काटे नाहीत, तो मजबूत आहे आणि चार-पाच वर्षांत तोडीला येतो. साचलेल्या पाण्यात मात्र तोही मरतो. माड असेल तर तो उंचवट्यावर.

काजू आणि फणस ओल्या शेतात लावू नका. रोपं कोणी फुकट दिली तरी नको. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर मुळीच नको. ती झपाट्यानं वाढते, म्हणून मोह होतो. पण तिच्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही, आणि तिचं बी शेजाऱ्याच्या शेतातही जातं.

झाडं कुठे लावायची, हेही महत्त्वाचं. शेताच्या कडेला लावा, मधोमध नको. चांगली पिकती जमीन भातासाठीच ठेवा, घरचा तांदूळ सोडू नका. पाण्याच्या वाटेवर आडवी रांग लावू नका. फांद्या, प्लास्टिक अडकतं, तुंबारा होतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात वळतं. व्हाळ मोकळा ठेवा, गाळ काढायला यंत्र येईल एवढी वाट सोडा. शेत उंच करायला बाहेरची माती आणून टाकू नका. त्याला कायद्यानं परवानगी लागते, आणि तुमचं पाणी दुसऱ्याच्या दारात जातं. खाली नार्वे, पिळगावकडे खाजन शेती आहे, तिथे मातीच्या बांधावर मोठं झाड नको. ते उन्मळलं की बांध फुटतो आणि खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

आपल्याकडे झाडं जूनमध्ये लावायची सवय आहे. पुराच्या शेतात ती सोडा. जूनचं रोप जुलैच्या पाण्याखाली जातं. चवथ होऊ द्या, पाणी उतरू द्या, मग ओल असताना लावा. हातभर उंच मातीचा ढीग करून त्यावर लावा. रोप कंबरेएवढं तरी असावं, म्हणजे पुढच्या पुरात शेंडा वर राहील. काठी रोवून सैल बांधा. गुरांपासून कुंपण करा. खरी परीक्षा पहिल्या उन्हाळ्याची आहे. शिगम्यापासून पाऊस पडेपर्यंत पाणी कोण घालणार, हे लावण्याआधी घरात ठरवा. माणूस नसेल तर कमी झाडं लावा.

आता कागद. एक-चौदाचा उतारा काढा आणि नावं नीट वाचा. आजोबांचंच नाव असेल, भावंडांची नावं असतील, तर सगळ्यांची लेखी संमती आताच घ्या. अनुदान यायच्या वेळी भांडण नको. तुम्ही कूळ असाल तर कुळाच्या रकान्यात नाव आहे का बघा. जमीन कोमुनिदादची असेल तर आधी तिथे विचारा. नदीचा काठ तुमच्या नकाशात येतो का, तेही तपासा. नसेल तर जलस्रोत खात्याला विचारल्याशिवाय खड्डा मारू नका.

मग आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. कृषी कार्ड नसेल तर काढून घ्या. तिथे तीन गोष्टी विचारा. या वर्षी कोणती योजना चालू आहे? लावण्याआधी मंजुरी लागते का? किती झाडं जगली तर पुढचा हप्ता मिळतो? उत्तर लिहून घ्या. मंजुरीआधी काम केलं, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. बिलं जपा. झाडांचे फोटो दर सहा महिन्यांनी काढा. मध्यस्थाला पैसे देऊ नका, अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता.

आणखी एक. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या जमिनीतलं झाडही वन खात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. देशाच्या वन कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. तरी तोड करण्याआधी वन खात्यात विचारा. लाकडासाठी झाडं लावणार असाल, तर कोणतं झाड, कुठे, कोणत्या साली लावलं, याची वही आजच सुरू करा आणि ती उताऱ्याबरोबरच ठेवा. पंधरा वर्षांनी परवानगी मागायला तुमची मुलं जातील, तेव्हा त्यांना ती लागेल.