दूरध्वनीवरचा ‘स’

गेल्या वर्षी आमच्या वडीलभगिनींचा बडोद्याहून फोन आला. “पूजेचा नारळ उद्या सकाळी सोडा,” असे त्यांनी बजावले. आमच्या सूनबाईंनी ऐकले ‘फोडा’! नदीत जावयाचा नारळ बर्फीच्या ताटात आला. “तुम्हां इंदूरकरांचे मराठी बिघडले,” असे म्हणून ताई रुसल्या, सूनबाईही हिरमुसल्या. आम्ही दोन्ही पक्षांना निर्दोष ठरवितो. अपराधी आहे ती आवाजाची वाट.

‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून निसटणारा वारा. त्याचा बराचसा जोर सेकंदाला ४००० कंपनांच्या वर असतो. दूरध्वनीची रूढ वाट मात्र सुमारे ३०० ते ३४०० कंपनांइतकीच रुंद. स्वर तीतून सुखाने जातात. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळे करणारा अंश दाराबाहेरच राहतो.

हा निव्वळ कंजूषपणा नव्हे. आवाज अंकांत मांडताना सेकंदाला ८००० वेळा त्याचे माप घेतात. प्रत्येक माप ८ बिटांचे, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. इतक्या मापांत ४००० कंपनांच्या आतलेच नाद खरे उतरतात. त्यावरचे आधी गाळले नाहीत, तर ते खालच्या नादांचे सोंग घेऊन परत येतात.

मोबाईलची करामत याहून मोठी. त्याच्या आरंभीच्या जीएसएम पद्धतीत सेकंदाला १३,००० बिटांत काम भागे. मागील मापांवरून पुढचे माप अंदाजावयाचे आणि अंदाजात राहिलेली चूक तेवढी थोडक्यात कळवावयाची, हे त्यातील मर्म. मुखाचा आकार आणि कंठाचा सूर यांचे वर्णन पलीकडे जाते. आवाज तेथे नव्याने घडविला जातो. या विद्येच्या प्रवर्तकांत १९३३ साली कानपुरास जन्मलेले बिष्णू अटल अग्रगण्य होत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हे संशोधन केले. १९८५ साली मान्फ्रेड श्रोडर यांच्यासह त्यांनी मांडलेली सुधारित रीत पुढे अनेक मोबाईल पद्धतींचा पाया ठरली.

आता दोन्ही टोकांना सोय असेल तेथे वाट ७००० कंपनांपर्यंत रुंदावली आहे. ‘स’ बराच स्पष्ट येतो. पण मध्येच जुनी वाट लागली, की पुन्हा तीच गत.

वाचकहो, आपल्यासारख्या परप्रांती वसलेल्या घरांतून नातवंडांना आजीचे मराठी पुष्कळदा फोनवरूनच ऐकू येते. तेव्हा मुलाचा उच्चार चुकला म्हणून रागावण्यापूर्वी त्याच्या कानी काय पोहोचले, याचा विचार करावा. शिक्षक म्हणून हा उतावळेपणा आमच्याही हातून घडलेला आहे.

दिवाळीत ताई आल्या. नातीला समोर बसवून त्यांनी ‘सोडा’ आणि ‘फोडा’ म्हणून दाखविले. मुलगी त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. दुसऱ्याच वेळी तिला ते साधले.