शिळेवरचा आकडा आणि वहीतले नाव

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गाच्या परिसरात अंबड हे गाव वसले आहे. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीची असली, तरी त्याच्या आसमंतातील दगडांना फार जुनी स्मरणशक्ती लाभलेली आहे. जवळच पांडवलेणीचा डोंगर उभा आहे. तेथील एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. त्याने ३,००० कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कायम राहावे आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च भागावा, अशी ही व्यवस्था होती. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही वाचता येतो.

त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरी येथे शके १०६३ चा यादवकालीन शिलालेख आहे. राजा सेउणदेवाने तेथील चंद्रप्रभस्वामींच्या मंदिरास तीन दुकाने दान दिली आणि वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने, तसेच लाहड व दशरथ यांनी, एक दुकान व एक घर अर्पण केले, असे त्यात नमूद आहे. एका दुकानाचे दान करणाऱ्या श्रावकाचे नाव जवळजवळ नऊ शतके टिकून आहे. ज्याने गावासाठी प्राण वेचला, त्याचे स्मरण मात्र दगडाने कसे ठेवले?

महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळी हे या प्रश्नाचे पहिले उत्तर होय. गावच्या वेशीजवळ किंवा मारुतीच्या देवळापुढे हे उभे पाषाण आढळतात. त्यांची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर असतो. गायींची राखण करताना मृत्यू आला असेल, तर शेजारी गायीही कोरलेल्या असतात. त्यावर युद्धाचा प्रसंग, त्याच्यावर अप्सरा वीराला स्वर्गास नेत आहेत असे दृश्य आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर दिसतो. माथ्यावर कलश आणि दोन्ही बाजूंस चंद्र व सूर्य असतात. आकाशात चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती राहो, हा त्यांचा अर्थ. तथापि महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळींवर अक्षर नाही. वीराचे नाव गावाला तोंडपाठ होते, म्हणून ते कोरण्याची गरज कोणाला भासली नसावी. पिढ्या सरल्या, सांगणारे गेले आणि नावे पुसली गेली. आज कित्येक वीरगळी शेंदराखाली लपल्या आहेत, तर काही पायरीच्या दगडात बसवल्या गेल्या आहेत.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाचा युद्धस्मारकांशी काय संबंध, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. जैन आचारशास्त्राने श्रावकाच्या संदर्भात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी हिंसा सर्वथा त्याज्य ठरते; परंतु आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्राने ओळखले आहे. म्हणूनच कर्नाटकातील काही वीरगळींच्या वरच्या चौकटीत शिवलिंगाच्या जागी जिनप्रतिमा दिसते. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील कूगे ब्रह्मदेव स्तंभ हा गंगनरेश मारसिंहाच्या स्मरणार्थ उभा आहे. त्यावरील लेखात त्याच्या विजयांचे वर्णन आहे आणि राज्य सोडून त्याने सल्लेखना स्वीकारल्याचेही आहे. रणातील पराक्रम आणि देहाविषयीची अनासक्ती या दोन्हींचे स्मरण एकाच स्तंभाने जपले आहे.

पहिल्या महायुद्धानंतर गावच्या स्मारकाचे रूप पालटले. इंग्रज सरकारने देशातील अनेक गावांत एकाच साच्याच्या शिळा बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ या काळात इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मरण पावले, एवढाच मजकूर त्यांवर असे. गावाचे नाव आणि दोन आकडे, बस्स! वीरगळीवर निदान माणसाची आकृती होती. येथे आकृतीही नाही आणि नावही नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या एका युद्धात ४६ जण गमावले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. ४६ ही संख्या वाचण्यास क्षणही लागत नाही. एका गावात ४६ मृत्यूंच्या वार्ता येणे म्हणजे काय, हे मात्र त्या संख्येतून कळत नाही.

त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तेथील मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक उभारले गेले. पद आणि धर्म यांचा भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण करावे, हे ते उभारणाऱ्या आयोगाचे घोषित तत्त्व होते. प्रत्यक्षात तेथे ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनिहाय संख्या देण्यात आली. २०२१ मध्ये त्याच आयोगाने अहवाल प्रसिद्ध करून अशा विषमतेची कबुली दिली व क्षमा मागितली. क्षमापनेचे मोल जाणणाऱ्या समाजाला हेही ठाऊक आहे की, चूक दुरुस्त केल्यावाचून क्षमायाचना पुरी होत नाही.

ही दुरुस्ती अशक्य नाही. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३,००० हून अधिक नावे आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकातील त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळातील प्रत्येक हुतात्म्यासाठी नाव कोरलेली एक स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट आहे. पंजाबमधील सुमारे ३,२०,००० सैनिकांची गाववार नोंद असलेल्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. त्या उघडल्या गेल्या आणि अनेक कुटुंबांना आपले पणजोबा सापडले.

येथे व्यापारी घराण्यांचा संबंध येतो. सातारा, नगर, नाशिक या जिल्ह्यांतील खेड्यांत किराणा, कापड आणि धान्याची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घरांत जुने रोजमेळ आणि खतावण्या कापडी बासनात बांधलेल्या असतात. सैनिकांच्या घरांचा व्यवहारही गावच्या दुकानाशीच असे. मनिऑर्डर आली की उधारी फिटे आणि त्याची नोंद खात्यावर होई. जमाखर्चात नावाशिवाय रक्कम मांडता येत नाही. शिळेवर जे केवळ संख्या होऊन राहिले, ते वहीत नावानिशी असण्याचा संभव आहे.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. त्या वेळी जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. फौजेत गेलेल्या कोणाचे नाव आढळले, तर ते गावच्या शाळेस, ग्रामपंचायतीस किंवा त्या कुटुंबास कळवावे. वत्सराजाचे नाव एका दुकानाच्या दानामुळे टिकले. प्राण देणाऱ्याचे नाव टिकवण्यासाठी वहीचे एक पान जपणे, एवढे ऋण त्याच्या वंशजांनी फेडण्यासारखे आहे.